आमच्या घरात वस्तू वाढतात

आमच्या घरात कधी काही मोडलं नाही, फुटलं नाही की बंद पडलं नाही. आमच्या घरात वस्तू वाढल्या.

बांगडी फुटली तर ‘वाढली’ म्हणायचं, नारळ फोडायचा नाही, ‘वाढवायचा’, हे सगळीकडेच आहे. अशुभ तोंडातून निघू नये म्हणून आपल्या लोकांनी उलटाच शब्द धरला. पण माझ्या आईनं त्याची हद्द केली होती. मिक्सर जळला की ती सांगायची, “मिक्सर वाढला रं.” डब्यातले तांदूळ संपले की तांदूळ वाढले. टीव्ही बंद करायचा असला की, “वाढव तो आता, डोकं उठलं.” माझी बायको लग्न होऊन आली, तेव्हा थंडीच्या दिवसांत आईनं तिला पंखा वाढवायला सांगितला. आई गोधडीत गुरफटून बसलेली, आणि या बाईनं पंखा पाचावर नेला. आई गोधडीतून तोंड बाहेर काढून तिच्याकडे बघतच राहिली. पुढे कितीतरी वर्षं हा किस्सा आमच्याकडे सांगितला जायचा आणि सगळ्यात जास्त आईच हसायची.

कुठला ‘वाढव’ म्हणजे जास्त कर आणि कुठला म्हणजे बंद कर, हे प्रसंगावरून ओळखायचं. मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला ते आईच्या दुधातूनच आलं असावं, असं मी धरून चाललो होतो.

मी खोपोलीच्या बाजूला एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. निवृत्त झाल्यावर भिसेगावातल्या घराच्या मागच्या पडवीत टेबल मांडलं, जुन्या दरवाज्याच्या फळीचं. वस्तू घट्ट धरायला त्याला वाइस ठोकली, वर ट्यूब लावली आणि शेजारपाजारचे पंखे, इस्त्र्या, घड्याळं, मिक्सर उघडत बसलो. माझा स्वभाव तिरसट आहे, हे मला माहीत आहे. लोक वस्तू टेबलावर ठेवतात आणि लगेच तिला काय झालंय ते सांगायला लागतात. कळलं असतं तर इथं आणली कशाला? मी म्हणतो, तुम्ही जरा गप्प राहा, तिला बोलू द्या. कारखान्यात माझ्या वरच्या माणसानं पहिल्या दिवशी शिकवलं होतं, आधी कान, मग पाना. मशीन आवाजात सांगतं काय बिघडलंय ते. ऐकणाऱ्याला घाई असते, एवढंच.

तर त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आईचा दम वाढला, आणि हा मात्र खरोखरचा वाढला. सगळा जन्म चुलीच्या धुरात गेलेला, फुफ्फुसांनी हात टेकले. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन घरी लावायला सांगितलं. ते भाड्यानं आणलं. उंचीला गुडघ्याएवढं, पांढरं, पुढे काचेची उभी नळी आणि तिच्यात एक गोळी. खालची चकती फिरवली की गोळी वर चढायची, हवा जास्त सुटायची. आणि आवाज. घर्र, घर्र, मध्येच एक सुस्कारा, परत घर्र. मराठीत घरघर लागणं म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून माझ्या बायकोनं पहिल्याच दिवशी बजावलं, मशीनचा ‘आवाज’ म्हणायचं, दुसरा शब्द या घरात नको.

त्या आवाजात आईला झोप लागेना. कामाला विषय मिळाला म्हणून मी खूश झालो, हे आता सांगायला हरकत नाही. प्लायवूडचा खोका केला, आतून जुन्या गादीचा स्पंज चिकटवला, मशीन आत ठेवलं आणि झाकण लावलं. आवाज पार मेला. मी पडवीत चहा पीत स्वतःवर खूश होऊन बसलो आणि चहा संपायच्या आत मशीन आतून शिट्टी मारायला लागलं. तापलं होतं. जे स्वतः हवा ओढून देतं, त्याचाच श्वास मी कोंडला होता. करायला गेलो गणपती आणि झालं माकड.

मग नीट विचार केला. हवेला वाट पाहिजे आणि आवाजाला नको. म्हणून खाली आणि वर भोकं पाडली, पण सरळ नाही. आत फळ्या आडव्या बसवून वाट नागमोडी केली. हवा वळत जाते, आवाज आपटत बसतो. मेलेल्या कॉम्प्युटरचा छोटा पंखा वरच्या भोकाला लावला. आत तापमापी टांगली आणि ती बघायची सवय लावून घेतली. मशीनच्या पायांखाली स्कूटरच्या ट्यूबचे तुकडे घातले. एवढं करून खोका पडवीत भिंतीला लावून ठेवला आणि भिंतीतून भोक पाडून नळी आईच्या खोलीत नेली. खोलीत जेवढा आवाज उरला, तेवढा फ्रिजचाही असतो.

आई मात्र हळहळली. “बाहेर का ठेवलंस रं त्याला? बिचारं.”

आमच्याकडे वारा सुटला की लाइट जाते. मशीन सुरू होताना जो झटका घेतं तो घरातल्या इन्व्हर्टरला झेपत नव्हता, म्हणून मोठा आणला. शिवाय ऑक्सिजनचा एक सिलिंडर भरून ठेवला. तरीही लाइट गेली की मशीनच्या आधी माझी छाती थांबायची. पावसाळाभर मी असा कान टवकारून जगलो. कोणाशी बोलताना, जेवताना, न्हाताना माझा अर्धा कान पडवीत असायचा.

आणि एका दुपारी आई गेली. ती दुपार नीट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

सकाळपासून तिची तब्येत खालावत गेली होती. डॉक्टर येऊन गेले होते. आता दवाखान्यात हलवून तिचे हाल करू नका म्हणाले, आणि धाप लागली तर हवा थोडी वाढवा, एवढं सांगून गेले. बहीण पोशीरहून आली होती. तिचं सासर तिथलं, घरची शेती. ती आईच्या उशाशी बसली होती, मी पायाशी, आणि माझी बायको दारात उभी. आईच्या तोंडावर मास्क होता. तिनं डोळे उघडले, आमच्याकडे पाहिलं, आणि एक शब्द बोलली. मी ऐकला तो असा: “वाढव.”

मी उठलो. चकती खोक्यात, खोका पडवीत. स्वयंपाकघरातून वळसा घालून जायचं, झाकण काढायचं, चकती फिरवायची. गोळी वर चढलेली मी डोळ्यांनी पाहिली. परत आलो तर आईचा मास्क बहिणीच्या हातात होता.

“काय करतेस?” मी ओरडलो, आणि तिच्या हातातून मास्क घेऊन परत आईच्या तोंडावर बसवला. पण आई तोवर गेली होती. मी मशीनकडे होतो तेवढ्यात.

बहिणीनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी विसरणार नाही. म्हणाली, “ती बोलली वाढव. आन् तू वाढवायला गेलास.”

म्हणजे काय ते मला तेव्हाच कळलं. तिनं ऐकलं होतं, बंद कर. पुरे झालं, काढ आता हे. आई निरोप मागत होती आणि मी तिला आणखी हवा पाजायला धावलो, असं बहिणीचं म्हणणं. माझं म्हणणं, आई हवा मागत होती, आणि त्याच क्षणी पोटच्या मुलीनं तिच्या तोंडावरचा मास्क काढला. डॉक्टर नंतर म्हणाले, दोन्हींनी काही फरक पडला नसता. डॉक्टरांचं बरोबरच असणार. पण आमचं भांडण मिनिटांचं नव्हतं, शब्दाचं होतं.

तेराव्याला जेवणाची पंगत बसली तेव्हा बहीण ताटावर बसली नाही. चार नातेवाइकांसमोर शांतपणे बोलली, “या घरात मी आता पाणीबी घेणार नाय, दादा.” आणि नवऱ्याच्या मोटरसायकलवर बसून गेली. दिवाळीला आली नाही. भाऊबीजेला मी पोशीरला फोन केला, तिच्या नवऱ्यानं उचलला, ती शेतावर गेलीय म्हणाला. मागून तिच्या बोलण्याचा आवाज येत होता.

आईमागे रक्ताचं असं आम्हा दोघांना एकमेकांशिवाय कोणी नव्हतं, आणि तीही तुटली.

मशीन भाडेवाला घेऊन गेला. खोका पडवीत राहिला, तिथंच, भिंतीला लागून. दिवाळी उलटली आणि एक दिवस दुपारी मी आईच्या खोलीत तिची गादी उन्हात घालायला म्हणून गेलो, तर मशीन चालू होतं.

मी खोटं सांगत नाही. तीच घरघर, हळू, भिंतीआडून येणारी, जशी मी पावसाळाभर ऐकली होती तशीच. मी गादी हातात धरून उभा राहिलो. मला भीती वाटली. आयुष्यभर मशीनमध्ये हात घातलेला माणूस, त्याची स्वतःलाच लाज वाटली, पण भीती वाटली. थोड्या वेळानं आवाज थांबला. दुसऱ्या दिवशी दुपारी परत. मग रोज. नेहमी दुपारीच, आमच्या जेवणाच्या सुमाराला, म्हणजे आई गेली त्या सुमाराला.

बायकोला विचारलं, तुला काही ऐकू येतं का? ती भांडी घासत होती, मान वर न करता म्हणाली, “मला कवाचंच येतंय.” तिनं मला सांगितलं नव्हतं. आईच्या खोलीत ती रोज दिवा लावायला लागली होती, ते का, हे तेव्हा कळलं.

मग मी स्वतःला दम दिला. आधी कान, मग पाना. मेन स्विच पाडला. घरातलं सगळं बंद, आवाज चालू. म्हणजे आपल्या विजेचा नाही. टाकीचा नळ बंद केला, तरी चालू. मग लांब स्क्रूड्रायव्हर घेतला. त्याचं टोक वस्तूला टेकवायचं आणि मूठ कानाच्या हाडाला लावायची. कारखान्यात बेअरिंगचा आजार आम्ही असाच ओळखायचो. आईच्या कॉटला लावला, नाही. खिडकीला, नाही. पडवीकडच्या भिंतीला लावला आणि घरघर थेट डोक्यात शिरली. पडवीत गेलो. भिंत, टेबल, वाइस करत करत खोक्यावर हात ठेवला तर खोका थरथरत होता. रिकामा खोका.

भिंतीपासून वीतभर ओढला. आवाज थांबला. परत टेकवला. सुरू झाला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आमच्या मागे नवी बिल्डिंग झालीय, तिथल्या बोअरची मोटर रोज दुपारी टाकी भरायला लावतात. तिच्या पाइपाचा एक क्लॅम्प आमच्या सामाईक भिंतीत ठोकलाय. मोटरची थरथर तिथून आईच्या खोलीच्या भिंतीत येत होती, एरवी कोणाच्या लक्षात आली नसती. पण पोकळ वस्तूला स्वतःचा एक सूर असतो, घागरीला असतो तसा. माझ्या खोक्याचा सूर नेमका तो निघाला. आवाज गप्प करायला केलेला खोका तोच आवाज काढत होता, आणि नळीसाठी पाडलेल्या भोकातून तो आईच्या खोलीत जात होता.

उपाय सोपा होता. खोका हलवायचा. क्लॅम्पखाली रबर घालायला सांगायचं. भोक बुजवायचं. तासाभराचं काम.

मी ते केलं नाही. खोका भिंतीला परत टेकवून ठेवला. दुपार झाली की मी आईच्या खोलीत जाऊन तिच्या कॉटच्या पायाशी बसायचो आणि मोटर चालू असेपर्यंत ऐकायचो. कारण माहीत असूनही. बोअरची मोटर आहे, टाकीत पाणी चढतंय, मला ठाऊक होतं. आणि तरी त्या घरघरीत आई अजून जिवंत होती, अजून ती काहीतरी बोलायची होती, आणि या वेळी मी नीट ऐकणार होतो. वस्तू कशानं वाजते हे कळलं म्हणजे भीती जाते, असं मी लोकांना सांगत आलोय. जात नाही.

बायकोनं बरेच दिवस चालू दिलं. मग एका दुपारी जेवण गार व्हायला लागलं तशी ती खोलीच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “अहो, वाढवा आता तो खोका.”

मी तिच्याकडे पाहिलं. “म्हणजे?”

“म्हंजे काय?”

“म्हणजे काय करू? नीट शब्दात सांग.”

तिला माझ्या आवाजाचं नवल वाटलं असणार. पण ती दारातून हलली नाही. “मोडा,” ती म्हणाली. “मोडून टाका. असं बसून कुटं आई येणार हायत?”

आईच्या खोलीत तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. आणि मग जे इतके महिने विचारलं नव्हतं, ते विचारलं. का विचारलं नव्हतं, तर मशीनकडून परतताना ती मला स्वयंपाकघरात दिसली होती, तिनं काय ऐकलं असणार, असं मी धरलं होतं. “त्या दिवशी आई काय बोलली? तू होतीस दारात.”

“बोलल्या की. मलाच बोलल्या.”

“तुला?”

“वाढ बोलल्या. माझ्याकडं बघून. तुमी सकाळपासून पोटात काय घातलं नव्हतं, मी दोनदा बोलावलं तरी उठला नाय. आईंनी ऐकलं असंल. म्हणून बोलल्या, वाढ. म्हणून तर मी आत गेले.” ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. “भात घातला, वरण घातलं, आन् तुमी ओरडलात. मी तिथंच उभी रायले ताट घेऊन. मला वाटायचं, जाताना आईंनी मला तेवडी बाहेर घालवली.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“मला वाटलं तुमाला ठावं हाय. तुमी ऐकलंत ना.”

तिघांनी एकच शब्द ऐकला होता आणि तिघं तीन कामांना लागलो होतो. मी मशीन वाढवायला, बहीण ते बंद करायला, आणि बायको ताट वाढायला. मास्कच्या आत शेवटचं ‘व’ होतं की नव्हतं, हे आता कोणता स्क्रूड्रायव्हर सांगणार? वस्तू समोर असती तर उघडून पाहिली असती.

मी त्या दिवशी खोका भिंतीपासून ओढून पडवीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पोशीरला गेलो, फोन न करता.

भात कापून झालेला, शेतात वाल उभा होता. बहीण अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मला बघून उठली नाही. “आलास,” एवढंच म्हणाली, आणि पायानं एक पाट माझ्याकडे सरकवला. मी बसलो. सांगायला काही सुरुवात सुचेना, म्हणून शेंगा घेतल्या आणि सोलायला लागलो, आणि सोलता सोलता सगळं सांगितलं. खोक्याचं, मोटरचं, मी रोज कुठं बसायचो ते, आणि तिची वहिनी काय म्हणाली ते.

तिचे हात मध्येच थांबले, मग परत चालू झाले.

“वैनीनं वाढ ऐकलं?”

“हो.”

“मी तर वाढव ऐकलं, दादा.”

“मीसुद्धा.”

मला वाटलं, ती म्हणेल, वैनीचं काय ऐकतोस, तिला आपली भाषा कधी कळली. म्हणाली असती तर मी भांडलो नसतो. पण ती वेगळंच बोलली.

“मग जेवलास काय त्या दिवशी?”

मला प्रश्नच कळला नाही. “कधी?”

“वैनीनं वाढलं ना. जेवलास काय?”

“नाही. कसा जेवणार? आई समोर—”

“ताटाचं काय झालं?”

“नाही माहीत. कोणी बाहेर ठेवलं असेल.”

तिनं मांडीवरची टरफलं झटकली. माझ्याकडे न बघता, वालाच्या सुपाकडे बघून म्हणाली, “म्हंजे तेबी रायलंच.”

हवा दिली, मास्क काढला, दोन्ही आपापल्या परीनं झालं होतं. तिसरं माझ्या हातातलं होतं, आणि ते कोणीच केलं नव्हतं. एवढं साधं गणित तिनं मांडलं आणि मला रडू आलं. तिच्यासमोर मी आई गेली तेव्हाही रडलो नव्हतो.

ती उठली. “हात धू,” म्हणाली. मी मोरीवर हात धुऊन आलो तोवर तिनं आत ताट मांडलं होतं. गरम भात, वालाच्या दाण्यांचं कालवण, वर खोबरं. समोर भिंतीला टेकून बसली आणि मी घास घेतो की नाही ते बघत राहिली, पोराला औषध देताना आई बघते तशी. ताट रिकामं झालं तशी तिनं परत भात वाढला. मी हात आडवा केला नाही. घरून पोटभर जेवून निघालो होतो, ते तिला सांगितलं नाही.